कोकणातून कॉम्प्युटरचं एम.टेक. करायचंय? मग गणपतीच्या आधीच कामाला लागा

मी गुहागर तालुक्यातली. बीई कॉम्प्युटर जिल्ह्यातल्याच एका कॉलेजातून केलं आणि नंतर एनआयटीतून, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनियरिंग संस्थेतून, एम.टेक. पण या दोन्हीच्या मधे माझं एक वर्ष गेलं. पहिल्या वेळी गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा, स्कोअर चांगला होता, सीट पण लागली होती, पण माझा नॉन-क्रिमीलेयरचा दाखला राज्याच्या नमुन्यातला होता, केंद्राच्या नमुन्यातला नव्हता, तो पडताळणीत चालला नाही, मला ओबीसीतून काढून ओपनमध्ये टाकलं आणि सीट गेली. असे दोन वेगळे नमुने असतात हे घरात कोणाला माहीत असणार, बाबांचा होडीचा धंदा, आई बालवाडीत, आणि कॉलेजातही कोणी सांगितलं नाही. त्यानंतर आमच्या नि आजूबाजूच्या वाड्यांतली दहा-बारा मुलं याच रस्त्याने जाताना जवळून बघितली आणि माझं मत पक्कं झालं की आपली मुलं अभ्यासात मार खात नाहीत, तारखांत आणि कागदांत खातात. म्हणून हे सगळं आपल्या महिन्यांच्या हिशोबात लिहितेय, गणपती, शिमगा, आंबे, पाऊस असं, म्हणजे लक्षात राहील.

आधी हे ठरवा की करायचंय कशाला

नुसती सॉफ्टवेअरची नोकरी पाहिजे असेल आणि बीईनंतर ती पुण्या-मुंबईत मिळत असेल तर सरळ घ्या, दोन वर्षांचा अनुभव दोन वर्षांच्या डिग्रीपेक्षा तिथे जास्त कामाला येतो. एम.टेक. खरंच लागतं ते काही ठरावीक ठिकाणी. इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचं असेल तर एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला बीई आणि एमई दोन्ही लागतात, आणि दोन्हीपैकी निदान एकात फर्स्ट क्लास. (पॉलिटेक्निकला शिकवायला फर्स्ट क्लासमधली बीई पुरते, हे खूप जणांना माहीतच नसतं.) पुढे पीएचडी करायची असेल, किंवा कंपायलर, चिप, मशीन लर्निंग, नेटवर्क असल्या खोलातल्या कामात शिरायचं असेल तर लागतं. आणि एक कारण लोक उघड बोलत नाहीत पण ते खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, ते म्हणजे आपल्या गावाकडच्या कॉलेजात ज्या कंपन्या येत नाहीत त्या आयआयटी-एनआयटीच्या कॅम्पसला येतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं कारण हेच होतं.

एमई आणि एम.टेक. यात दर्जाचा काही फरक नाही, विद्यापीठ जे नाव देतं ते. दोन्ही दोन वर्षांचे, चार सेमिस्टर, पहिल्या वर्षी विषय आणि दुसऱ्या वर्षी बहुतेक सगळा वेळ डेझर्टेशन, म्हणजे स्वतःचं संशोधन करून प्रबंध लिहिणं. सीडॅक या सरकारी संस्थेचा कोर्स मात्र वेगळा, तो साधारण सहा महिन्यांचा पीजी डिप्लोमा आहे, नोकरीसाठी चांगला आहे पण ती मास्टर्स डिग्री नाही. आमच्या शेजारच्या एका काकांनी मुलाला दोन्ही सारखंच समजून तिकडे घातलं आणि नंतर तो लेक्चररशिपला अर्ज करायला गेला तेव्हा कळलं.

रस्ते किती आहेत

एक आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था), दुसरा एनआयटी आणि ट्रिपल-आयटी (आयटीच्या राष्ट्रीय संस्था), तिसरा राज्याची कॉलेजं, आणि चौथा परदेश. पहिल्या दोन गटांना गेट लागतेच असं समजा. राज्याच्या एमई-एम.टेक.ला राज्याच्या सीईटी सेलची कॅप, म्हणजे एकत्रित प्रवेशप्रक्रिया, असते, तिथे आधी गेटवाल्यांना सीट देतात आणि उरलेल्या सीटवर बिनगेटवाल्यांना बीईच्या मार्कांवर घेतात. म्हणजे गेट नसली तरी दार बंद नाही, पण गेटवाल्यांना एआयसीटीईची दरमहा १२,४०० रुपयांची स्कॉलरशिप २४ महिने मिळते आणि बिनगेटवाल्यांना ती मिळत नाही. दोन वर्षांचे जवळजवळ तीन लाख होतात हो. आपल्याकडच्या घराला तो फरक केवढा असतो ते मी सांगायला नको.

राज्यातली नावं म्हणाल तर मुंबईला माटुंग्याचं व्हीजेटीआय आहे, १८८७ पासूनचं, अंधेरीचं सरदार पटेल, पुण्याचं सीओईपी जे १८५४ चं आणि आता स्वतंत्र विद्यापीठ झालंय. आपल्या हाताशी म्हणजे लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, रायगडातच, मुंबई-गोवा हायवेवर. आणि एक गोष्ट कोकणातल्या मुलांच्या नजरेतून सुटते, कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली तेव्हापासून सुरतकल आपल्याच रुळावरचं स्टेशन आहे, आणि सुरतकलचं एनआयटी हे देशातल्या चांगल्या एनआयटींपैकी एक. एनआयटी गोवा पण कुंकळ्ळीला आहे. सगळे पुण्या-मुंबईकडेच बघतात, पण रत्नागिरीहून किंवा कणकवलीहून रात्री गाडीत बसलात की सकाळी खाली उतरता, आणि तिकडे तोच पाऊस, तोच समुद्र, भात-मासे पण तेच. घरच्यांना, विशेषतः मुलींच्या घरच्यांना, हे पटवायला सोपं जातं. माझ्या आईला तरी तेवढ्यावरच पटलं.

राज्यातल्या छोट्या कॉलेजात एमई घेणार असाल तर सीट आहे एवढ्यावर जाऊ नका. तिथे आत्ता शिकत असलेल्या कोणाला तरी गाठा आणि विचारा की वर्ग खरोखर भरतो का, गाईड किती आहेत, मागच्या बॅचमधले किती जण वेळेत पास झाले. माझी एक मैत्रीण अशा ठिकाणी अडकली जिथे पूर्ण वर्गात चारच विद्यार्थी होते आणि लेक्चर जवळजवळ होतच नव्हते, तिने सगळं स्वतःच वाचून केलं.

गणपती: गेटचा फॉर्म

गेट दरवर्षी फेब्रुवारीत असते, आयआयएससी आणि सात आयआयटी आळीपाळीने घेतात. फॉर्म सुटतो ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे बरोब्बर गणपतीच्या तोंडावर. २०२४ ला फॉर्म २८ ऑगस्टला सुरू झाला आणि गणपती ७ सप्टेंबरला होते, २०२५ ला फॉर्म पुन्हा २८ ऑगस्टला आणि गणपती आदल्या दिवशीच बसलेले. घरात चाकरमानी आलेले, आरत्या, भजनं, पाहुणे, बाहेर पाऊस, लाईट नाही, आणि आमच्या वाडीत तर रेंजसाठी सड्यावर जावं लागतं. मग मुलं म्हणतात विसर्जन झाल्यावर बघू, आणि नंतर लेट फी भरतात नाहीतर फॉर्मच राहतो. उपाय साधा आहे, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात फोटो, सही, ओळखपत्र सगळं स्कॅन करून फोनमध्ये एका फोल्डरला ठेवा, मग फॉर्म भरायला अर्धा तास लागतो.

तिसऱ्या वर्षाला असलात तरी गेट देता येते, आणि स्कोअर ३ वर्षं चालतो. म्हणून मी तर सगळ्यांना सांगते तिसऱ्या वर्षीच एकदा देऊन बघा, भीती जाते. मुलींना, एससी-एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना फी निम्मी आहे.

नावाची भानगड सांभाळा. आपल्या मार्कशीटवर आडनाव पुढे असतं, मग नाव, वडिलांचं, आईचं, आधारवर वेगळं, पॅनवर तिसरंच. फॉर्मवरचं नाव आणि परीक्षेला नेणार त्या ओळखपत्रावरचं नाव एकच पाहिजे. आधार दुरुस्त करायचं असेल तर ते जूनमध्येच उरकून घ्या.

पेपर निवडताना, कॉम्प्युटरवाल्यांचा पेपर सीएस. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा डीए पेपर पण आलाय, आणि दोन पेपर देता येतात, सीएससोबत डीए बसतो. गणित, प्रोग्रॅमिंग, अल्गोरिदम, डेटाबेस हे बरंचसं दोन्हीकडे चालतं, म्हणून सीएसचा अभ्यास केला असेल तर डीए देऊन ठेवायला हरकत नाही. शहराचे तीन पर्याय मागतात, तिथे अंतर बघू नका, तर आदल्या दिवशी पोचून राहायला कोणाचं घर आहे ते बघा. सकाळचा पेपर साडेनऊला सुरू होतो आणि बरंच आधी पोचावं लागतं, पहाटेच्या एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूर गाठू असला विचार करू नका, एक टायर पंक्चर झाला की वर्ष गेलं.

फेब्रुवारीपर्यंतचा अभ्यास

३ तास, ६५ प्रश्न, १०० मार्क. त्यातले १५ ॲप्टिट्यूडचे, साधारण १३ गणिताचे आणि बाकी ७२ विषयाचे. म्हणजे २८ मार्क असे आहेत की ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम येत नाही त्यालाही मिळू शकतात, आणि आपली मुलं नेमकं तेच शेवटी ठेवतात.

विषयांचा क्रम मी असा लावला होता, आणि नंतर ज्यांना सांगितला त्यांनाही बरा गेला. डिस्क्रीट मॅथ्स आणि सी प्रोग्रॅमिंग एकदम सुरू करायचं, रोज दोन्ही थोडं थोडं, त्यावर डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम चढवायचं, कारण रिकर्शन आणि पॉइंटर कच्चे असतील तर पुढचं सगळं डळमळतं. मग डिजिटल लॉजिक आणि लगेच त्याला लागून कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, कारण कॅशे, पाइपलाइन हे डिजिटल ताजं असताना चटकन बसतं. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम. डेटाबेस मधेच कधीही, तो स्वतंत्र विषय आहे. थिअरी ऑफ कम्प्युटेशनला लोक घाबरतात पण त्याच्यासारखा पक्के मार्क देणारा विषय नाही, अभ्यासक्रम छोटा आहे आणि प्रश्न फिरून फिरून त्याच कल्पनांवर येतात, आणि तो झाला की कंपायलर आठवड्या-दोन आठवड्यांत होतो. नेटवर्क सर्वात शेवटी कारण त्यात लक्षात ठेवायचं जास्त असतं.

क्लासला पुण्याला जाऊन राहायची गरज आहे का? मला नाही वाटत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर फुकट आहेत, जुन्या पेपरचा साठा फुकट आहे. आमच्याकडे अडचण लाईट आणि नेटची, त्यावर मी आठवड्यातून एकदा गुहागरला एका नातेवाइकांकडे जाऊन त्यांच्या वायफायवर लेक्चर डाउनलोड करून आणायची, मग आठवडाभर नेट नसलं तरी अडत नव्हतं. एक मात्र करा, लेक्चर बघणं म्हणजे अभ्यास नाही, एक तास बघितलं तर दोन तास जुने प्रश्न सोडवा. मागच्या वीस वर्षांचे पेपर विषयवार दोनदा सोडवले की प्रश्न विचारणाऱ्याचं मन कळायला लागतं.

निगेटिव्ह मार्किंगचा हिशोब नीट समजून घ्या, कारण इथे पाच-सात मार्क सहज हलतात. पर्यायवाल्या प्रश्नात १ मार्काचं चुकलं तर १/३ जातो, २ मार्काचं चुकलं तर २/३. चार पर्यायांतून डोळे मिटून ठोकलं तर सरासरीने बरोबर शून्य हाती येतं, चारदा ठोकलं, एक बरोबर म्हणजे एक मार्क आला, तीन चुकले म्हणजे एक गेला. पण एक जरी पर्याय खात्रीने खोडता आला तर हिशोब तुमच्या बाजूला झुकतो, आणि दोन खोडता आले तर उत्तर द्यायचंच, सोडायचं नाही. ज्यात एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि ज्यात आकडा टाइप करायचा असतो, त्या दोन्ही प्रकारांत निगेटिव्ह नाही, तिथे एकही प्रश्न रिकामा ठेवू नका. फक्त एकाहून जास्त पर्यायवाल्यात अर्धे मार्क नसतात, सगळे बरोबर पर्याय टिक केले तरच मार्क. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचाच वापरावा लागतो, माउसने बटणं दाबत, त्याची सवय घरी करा, नाहीतर परीक्षेत हात अडखळतो.

पास व्हायचा कटऑफ ओपनला २५ ते ३० मार्कांच्या आसपास असतो. तो पार केला म्हणजे स्कॉलरशिपला पात्र झालात एवढंच. चांगल्या एनआयटीत कॉम्प्युटर मिळायला त्याच्या बरंच वर जावं लागतं, म्हणून क्वालिफाय झालो म्हणून पेढे वाटले असतील तरी पुढच्या याद्या नीट बघा.

दाखले, हे परीक्षेच्या आधीच वाचा

आता माझं दुखणं. केंद्राच्या संस्थांना, म्हणजे आयआयटी, एनआयटी, ट्रिपल-आयटी, ओबीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातला इंग्रजी दाखला लागतो, आणि तो ज्या वर्षी ॲडमिशन घ्यायची त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला पाहिजे. राज्याचा नॉन-क्रिमीलेयर तीन वर्षांचा असला तरी तिथे चालत नाही. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिक दुर्बल घटक) तसंच, केंद्राचा नमुना आणि त्या आर्थिक वर्षाचा. आणि जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) हा राज्याचा प्रवर्ग आहे, तो राज्याच्या कॅपमध्ये चालतो, एनआयटीत नाही. कुणबी दाखला असेल तर कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. आपल्याकडे किती घरांत हा कुणबी दाखला निघू शकतो पण कोणी काढलेला नसतो, आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात नोंद असते, शोधायला वेळ लागतो, आत्तापासून शोधा.

क्रम असा ठेवा. मार्चमध्ये तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला मिळवायच्या तयारीला लागा, १ एप्रिल उलटली की पहिल्याच आठवड्यात सेतूमधून किंवा आपले सरकारवरून अर्ज करा आणि केंद्राचा नमुना छापून सोबत न्या, तोंडी सांगू नका, कारण समोरच्या माणसाकडे रोज राज्याच्याच नमुन्याचे अर्ज येतात आणि तो सवयीने तोच काढतो. हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. जात पडताळणी राज्याच्या कॅपला लागते, ती महिनोन्‌महिने चालते, ती तर बीईच्या वेळीच झालेली असेल, नसेल तर आज सुरू करा. डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, आणि बीईचा निकाल उशिरा लागणार असेल तर सगळ्या परीक्षा दिल्यात असं संस्थेच्या प्रमुखांच्या सहीचं पत्र, तेही ठरलेल्या नमुन्यात. हे सगळं प्लॅस्टिकच्या बंद डब्यात ठेवा. आमच्याकडे २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात कौलं उडाली तेव्हा कपाटातले कागद भिजून लगदा झाले होते, दुय्यम प्रती काढण्यात माझे चार महिने गेले.

शिमगा ते पाऊस: ॲडमिशन

निकाल मार्चच्या मध्यावर किंवा पुढे लागतो, म्हणजे पालख्या नाचत असतात तेव्हाच आसपास. लगेच प्रत्येक आयआयटीला वेगवेगळा अर्ज करायचा असतो, एक कॉमन फॉर्म नाही, प्रत्येकाची फी वेगळी, आणि या मुदती निकालानंतर थोड्याच दिवसांत संपतात. इथे नुसतं एम.टेक. बघू नका. तीन वर्षांचं रिसर्च असिस्टंट म्हणून करायचं एम.टेक. असतं, आयआयटी मुंबईला ते आहे, एमएस बाय रिसर्च असतं, त्यांना लेखी परीक्षा आणि मुलाखत असते, आणि ज्याचा स्कोअर थोडा कमी आहे पण विषय पक्का आहे त्याला तिथून संधी मिळते. माझा एक वर्गमित्र, देवगडचा, असाच आत गेला. मुलाखतीला त्याने एकच सांगितलं की मला ग्राफ अल्गोरिदम आणि प्रोबॅबिलिटी विचारा, आणि त्या दोन विषयांत त्याला कोणी अडवू शकलं नाही. सगळं अर्धवट येण्यापेक्षा दोन विषय तळापर्यंत येणं तिथे चालतं.

आयआयटींच्या ऑफर कोॲप नावाच्या पोर्टलवर येतात. प्रत्येक फेरीत ॲक्सेप्ट अँड फ्रीझ, रिटेन अँड वेट, रिजेक्ट अँड वेट असे पर्याय असतात. रिटेन म्हणजे ही सीट धरून ठेवा आणि पुढच्या फेरीत अजून चांगली येते का बघतो. रिजेक्ट दाबलं की ती सीट परत येत नाही, घाईत दाबू नका. एनआयटी आणि ट्रिपल-आयटींसाठी सीसीएमटी नावाची एकत्र प्रवेशप्रक्रिया, तिथे चॉइस भरायच्या असतात, आणि नंतर फ्रीझ, फ्लोट, स्लाइड. फ्लोट म्हणजे वरची कुठलीही चॉइस मिळाली तर द्या, स्लाइड म्हणजे याच संस्थेत वरची ब्रँच मिळाली तर द्या. चॉइस भरताना नुसतं कॉम्प्युटर सायन्स नाव शोधू नका, इन्फर्मेशन सिक्युरिटी, एआय, डेटा सायन्स, सॉफ्टवेअर इंजिनियरिंग अशी वेगवेगळ्या नावांनी तीच डिपार्टमेंट चालवतात, प्राध्यापक तेच, लॅब तीच, प्लेसमेंटला पण बहुतेक ठिकाणी सगळे एकत्रच बसतात, आणि कटऑफ थोडा खाली असतो.

पैशाचं बघून ठेवा. सीट लागली की दोन-चार दिवसांत पाच आकडी रक्कम ऑनलाइन भरायची असते. मेमध्ये आपल्याकडे पैसा असतो पण तो आंब्याच्या दलालाकडे किंवा पतपेढीत अडकलेला असतो, आणि गावच्या बँकेतल्या खात्याला नेट बँकिंग नसतं. मार्चमध्येच स्वतःच्या नावाचं, आधार जोडलेलं खातं तयार ठेवा, पुढे स्कॉलरशिपला पण तेच लागतं. राज्याची कॅप याच्या नंतर, पावसात चालते, तिचा फॉर्म भरूनच ठेवा, एनआयटी लागली तरी.

परदेश आणि सातबारा

परदेशाबद्दल मी थोडक्यात सांगते कारण मी गेले नाही, माझा चुलत भाऊ जर्मनीला आहे आणि त्याची सगळी कागदपत्रं मी हाताळली. अमेरिकेला जायचं तर जीआरई ही प्रवेशपरीक्षा (काही ठिकाणी आता मागत नाहीत), इंग्रजीची परीक्षा, तीन शिफारसपत्रं, आणि अर्ज आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या आसपास. शिकून झाल्यावर १२ महिने आणि आपल्या ब्रँचला वर अजून २४ महिने काम करता येतं. जर्मनीला बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना एपीएस सर्टिफिकेट (आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं) लागतं आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. त्याचे रुपये करून बघा, दहा लाखांच्या वर जातात.

आता खरी गोष्ट, लोन. भारतातल्या चांगल्या संस्थांना बँका बिनतारण देतात, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाला शिकत असतानाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. परदेशासाठी मोठी रक्कम लागते तेव्हा सरकारी बँक तारण मागते, आणि इथे कोकणातलं घर अडकतं. भावाच्या कर्जाच्या वेळचं सांगते, आमच्याकडे दोन एकर हापूसची कलमं आहेत, बाबांना वाटलं बाग आहे म्हणजे झालं. बँकेने शेतजमीन तारण म्हणून घेतलीच नाही, आणि घेतली असती तरी सातबाऱ्यावर एकोणीस नावं, त्यातली सहा मयत, वारस नोंद नाही, बाकीचे परळ, विरार, नालासोपारा. गावठाणातलं घर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर होतं, तेही चाललं नाही. शेवटी काकांनी नालासोपाऱ्यातला त्यांचा फ्लॅट दिला तेव्हा काम झालं, आणि काकांना तयार करायला गणपतीतच सगळे एकत्र असताना बसून बोललो होतो. तेव्हा परदेशाचा विचार असेल तर दीड-दोन वर्षं आधी घरात विषय काढा, वारस नोंदी करून घ्या, बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, मुदतठेव, एलआयसी यातलं कोणाकडे काय आहे ते बघा. परतफेड सुरू झाल्यावर जुन्या कर प्रणालीत व्याजाची वजावट ८ वर्षं मिळते, हे घरात आधी सांगा, बरं वाटतं.

तिथे गेल्यावर, आणि डेझर्टेशन

स्कॉलरशिपसाठी आठवड्याला ८ तास काम असतं, बीटेकच्या मुलांची लॅब घ्या, पेपर तपासा. पहिल्या सेमिस्टरला आपण मागे आहोत असं वाटेल, इंग्रजीतून भराभर बोलणारी मुलं बघून तर जास्तच. मी पहिले दोन महिने वर्गात तोंडच उघडलं नाही आणि त्यामुळे चांगल्या गाईडकडे जायचा धीर व्हायला उशीर झाला. तुम्ही पहिल्या महिन्यातच तीन प्राध्यापकांचे अलीकडचे रिसर्च पेपर वाचून जाऊन भेटा, इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, पेपर वाचलाय हे त्यांना लगेच कळतं.

विषय आपल्या मातीतला घ्या असं मी मनापासून सांगते, कारण डेटा तुमच्याकडे असतो आणि बाकीच्यांकडे नसतो. मालवणी किंवा संगमेश्वरी बोली ओळखणारं मॉडेल, मासळीच्या जाती फोटोवरून ओळखणं, दरडींचा अंदाज, किंवा मी केलं ते, आंब्याच्या मोहोरावरचे रोग ओळखणं. हापूसला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, दापोलीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, तिथली माणसं फोटोंवर हा करपा, हे तुडतुड्यांचं, हे फुलकिड्यांचं असं खात्रीने सांगतात, आणि ते लेबलिंग विकत घेऊनही मिळणार नाही असं असतं. फक्त हंगाम सांभाळा. मोहोर येतो थंडीत, नोव्हेंबर-डिसेंबर ते जानेवारी-फेब्रुवारी, आणि डेझर्टेशनचं तिसरं सेमिस्टर असतं जुलै ते डिसेंबर. चौथ्या सेमिस्टरच्या जानेवारीत विषय ठरवलात तर अर्धा मोहोर गेलेला असतो आणि पुढचा यायच्या आत तुमची सबमिशन. म्हणजे विषय दुसऱ्या सेमिस्टरलाच ठरला पाहिजे आणि नोव्हेंबरला कॅमेरा घेऊन बागेत उभं राहिलं पाहिजे.

एक चूक मी केली आणि गाईडनी पकडली. एका कलमाचे चाळीस-चाळीस फोटो काढले, मग सगळे मिसळून ट्रेनिंग आणि टेस्ट असे वाटले, ॲक्युरसी ९७ टक्के आली, मी खूश. पण तेच कलम दोन्हीकडे होतं, मॉडेलला रोग कळला नव्हता, झाड पाठ झालं होतं. बागा वेगळ्या करून, म्हणजे या तीन बागा शिकायला आणि ही चौथी फक्त तपासायला, असं केल्यावर तीच ॲक्युरसी ७१ वर आली. तो आकडा खरा होता आणि पुढचं सगळं काम तिथून सुरू झालं.

मॉडेल चालवायला जीपीयू (जलद गणित करणारी चिप) घरून लागला तर कॅगल या वेबसाइटवर आठवड्याला साधारण ३० तास फुकट मिळतो, गुगलच्या कोलॅबचं फुकटचं सत्र जास्तीत जास्त १२ तास चालतं आणि मधेच तुटतं. प्रत्येक इपॉकनंतर (सगळ्या डेटावरून एक फेरी झाली की) चेकपॉइंट, म्हणजे तोवर शिकलेलं मॉडेल, ड्राइव्हवर जाईल असं पहिल्या दिवशीच लिहून ठेवा, वळवाच्या पावसात लाईट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून चालवावं लागत नाही. पेपर छापायचा म्हणून पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलच्या ईमेलना उत्तर देऊ नका, गाईडना विचारून एखाद्या बऱ्या कॉन्फरन्सला पाठवा, नाही लागला तर आलेले शेरे थीसिसमध्ये वापरा.

आणि मोहोराचे फोटो काढायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा, दव सुकल्यावर पण नऊच्या आत. नंतर ऊन चढलं की पानं चकाकतात आणि मॉडेल ती चकाकीच चिकटा म्हणून शिकतं. फवारणी कधी झाली ते बागायतदाराला विचारून वहीत तारखेसकट लिहून ठेवा, कारण औषधाचे पांढरे डाग आणि भुरी फोटोत जवळजवळ सारखेच दिसतात.